अळवाचे श्रीमंत नातेवाईक

गेल्या रविवारी मी १४०० रुपये मोजून दीड पान विकत घेतलं. मघई नव्हे, कलकत्ताही नव्हे. हे पान खायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. एक पूर्ण पान, एक अर्धं आणि खाली करंगळीएवढं पेर. अर्धं का, तर नर्सरीत कुणाची तरी पर्स घासली आणि ते फाटलं. त्याबद्दल १०० रुपये सोडले. म्हणजे मूळ भाव १५००.

ज्यांच्या गच्चीत दहापेक्षा जास्त कुंड्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. बाकीच्यांनी पुढचं वाचावं आणि देवाचे आभार मानावेत.

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं आणि हडपसर, मांजरी मागं टाकली की लोणी काळभोरपासून उरुळी कांचनपर्यंत जागोजाग हिरवी जाळी दिसायला लागते. ही नर्सऱ्यांची पेठ. तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन इथून चालत पंढरपूर गाठतात. आम्ही गाडीची डिकी रिकामी करून येतो आणि परतताना मागच्या सीटवरच्या माणसाच्या मांडीवर रबराचं झाड देतो. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. लोक तिथल्या आश्रमात वजन उतरवायला जातात. आम्ही अलीकडेच थांबतो. आमचं वजन पाकिटातलं असतं, ते आश्रमापर्यंत टिकत नाही.

या खेपेला गाडीत मी, बायको आणि आई. आईचं वय ७९. माहेर आणि सासर दोन्ही राजापूर तालुक्यात. झाडांबद्दल तिचा प्रश्न आयुष्यभर एकच: याचं काय करतात? खातात, वाहतात, औषधाला लागतं की सरपणाला? या चारांत न बसणारं झाड तिच्या लेखी तण. तिला खरं तर घरीच ठेवणार होतो. पण ‘घरी बसून भिंती बघू काय,’ असं म्हणून ती गाडीत येऊन बसली होती.

आता ही नर्सरी साधी नव्हे. साध्या नर्सरीत रोपं असतात, इथं ‘कलेक्शन’ असतं. पुढच्या अंगणात मात्र आम जनतेसाठी आम माल होता आणि कडेला एपी पासिंगचा ट्रक उतरत होता. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी कडियम आहे. तिथल्या नर्सऱ्या देशभर रोपं पाठवतात. गोदावरीचं पाणी त्र्यंबकहून निघतं, वाटेत आपण त्यावरून नाशिक विरुद्ध मराठवाडा असं भांडून घेतो, उरलेलं आंध्रात जातं. मग तिथली चिकट माती रोपाच्या मुळाला बांधून ट्रकनं महाराष्ट्रात परत येते, पिशवीला ८० रुपये भावानं. मी एका मोगऱ्याकडं बोट दाखवून विचारलं, ‘लोकल आहे ना?’

‘एकदम लोकल, सर. आत्ताच उतरवलाय.’

शेजारीच पाटी होती: ‘नासाने निवडलेली ऑक्सिजनची झाडं’. नासाचा प्रयोग खरा आहे, १९८९ सालचा. पण तो हवाबंद पेटीत केलेला. आपल्या घरांना खिडक्या असतात, निदान बिल्डरच्या नकाशात तरी असतात. २०१९ साली दोन संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब एकत्र मांडला. उघड्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं निघालं. एवढी झाडं घरात आणली की माणसांना बाहेर काढावं लागेल, आणि माणसं बाहेर गेली की हवा तशीही शुद्धच. बायकोनं पाटी वाचून दोन स्नेक प्लांट ट्रॉलीत ठेवले. मी २०१९चं काही बोललो नाही. संसारही हवाबंद पेटीत चालत नाही.

खरा गाभारा मागच्या बाजूला. जाळीचं दुसरं दार, दारात सॅनिटायझर, वरून फॉगरचं धुकं. बायकोनं सवयीनं चपला काढल्या. आत एप्रन घातलेला, बीएस्सी हॉर्टी झालेला एक मुलगा होता. तो झाडं विकत नव्हता, ओळखी करून देत होता. ही पिंक प्रिन्सेस. हा मॉन्स्टेरा, थायलंडहून आलाय. हा मोहीतो. हात लावायच्या आधी विचारायचं. फोटो काढायला हरकत नाही, फ्लॅश नको. मी त्याच्यामागून वऱ्हाड्यासारखा फिरत होतो आणि ज्या नावांचा उच्चार येत नाही तिथं ‘ओह’ म्हणत होतो.

आई एका कुंडीपाशी थांबली होती. काळपट जांभळी रुंद पानं, काळेच देठ, देठाला अडकवलेली चिठ्ठी: ‘ब्लॅक मॅजिक, ६५०’. तिनं परवानगी न विचारता पान उलटं केलं, शिरा बघितल्या, देठ दोन बोटांत धरून बघितला.

‘वडीचं आहे,’ ती म्हणाली.

‘काय, आजी?’

‘अरे, काळ्या देठाचं अळू ना हे? वड्या छान होतील. खाजरं आहे का?’

‘आजी, हे कोलोकेशिया ब्लॅक मॅजिक आहे. ऑर्नामेंटल.’

‘असू दे की. खाजरं आहे का ते सांग.’

मुलानं मोबाइल काढला. चार वर्षांच्या बीएस्सीत हा प्रश्न आला नसावा.

आणि माझ्या १० वर्षांच्या बागकामाचा तळ तिथं उघडा पडला. कारण कोलोकेशिया म्हणजे अळूच. त्याला इंग्रजी शाळेत घातलं, म्हणून आपण ओळखलं नाही इतकंच. मग मी त्या गाभाऱ्यात मोजत सुटलो. मॉन्स्टेरा अळवाच्या कुळातला. फिलोडेंड्रॉन त्याच कुळातला. ॲलोकेशिया, कॅलॅडियम, ॲन्थुरियम, सिंगोनियम, पीस लिली, ॲग्लोनेमा, डिफेनबेकिया, सध्या प्रत्येक डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये उभं असलेलं ते झीझी, आणि चोरून आणला तरच फोफावतो अशी ख्याती असलेला मनी प्लांट. सगळी एका आजोबाची नातवंडं. शास्त्रात या घराण्याला ॲरेसी म्हणतात, मराठी पुस्तकांत सुरण कूळ. म्हणजे ज्याला मी गेली चार वर्षं मित्रांमध्ये ‘माझं ॲरॉइड कलेक्शन’ म्हणत होतो, त्याचा मराठीत अर्थ सुरणाची भावकी.

घराण्याची कथा आपल्या ओळखीची आहे. थोरला गावी राहिला, मोरीच्या पाण्यावर वाढला, येईल त्याला पान देत राहिला. बाकीच्यांतले बरेचसे अमेरिकेत. मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, फिलोडेंड्रॉन, ॲन्थुरियम आणि डिफेनबेकिया तिकडच्याच गरम जंगलांतले. मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. आता ते इकडं मुक्कामाला आलेत तर कडक ऊन चालत नाही, नळाचं पाणी सोसत नाही, हवा दमट लागते. आपण त्यांच्यासाठी ह्युमिडिफायर लावतो. थोरल्याकडं कुणी विचारपूस करायला जात नाही, जायचं झालं तर हातात विळी असते.

वास्तविक मान थोरल्याचा. न्यू गिनीतल्या कूक नावाच्या दलदलीत सापडलेल्या, सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या दगडी अवजारांवर अळकुडीच्या पिठाचे कण मिळाले आहेत. माणूस शेती शिकत होता तेव्हा अळू हजर होतं. हवाई बेटांवर तर सांगतात की अळू हा माणसाचा थोरला भाऊ. आधी तो जन्मला, मग माणूस. आपण त्याचं फदफदं केलं. लग्नात हे घराणं दोन्हीकडं हजर असतं: स्टेजवर मेण लावल्यासारखं लाल ॲन्थुरियम, पंगतीत दाणे-मुळा घातलेलं अळू. फोटो स्टेजवरच्याचे काढतात, दुसऱ्यांदा मागून घेतात ते ताटातलं.

घराण्याचा रोगही एकच, खाज. पानांत, देठांत, कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. अळवाला आपण चिंच, आमसूल, आंबट चुका लावून वठणीवर आणलं. पावसाच्या तोंडाला ठाणे-रायगडच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात, तीही याच घराण्यातली. त्यांच्याबरोबर खाज मारणारी काकडं न घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडं त्या ज्या दयेनं बघतात ती पाहण्यासारखी असते. डिफेनबेकियाचं पान कुणी चावलं तर जीभ सुजून काही काळ बोलणंच बंद होतं. एवढं उपयोगी झाड आपण बँकेच्या कोपऱ्यात ठेवतो. त्याची खरी जागा वृत्तवाहिन्यांच्या चर्चेच्या टेबलावर.

शेवळावरून आठवलं. २०२५च्या जानेवारीत सिडनीच्या वनस्पती उद्यानात एक फूल उमललं. सुमात्राचा राक्षसी सुरण म्हणा, नातं तेच आहे. वास मेलेल्या उंदराचा. ते हुंगायला हजारो लोक रांगेत उभे राहिले, त्याचं थेट प्रक्षेपण झालं, त्याला लाडाचं नावसुद्धा ठेवलं. आपल्या परसात सुरण फुलतो तेव्हा असाच वास मारतो. आपण शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो आणि ड्रेनेजवाल्याला फोन करतो.

तर पुन्हा गाभाऱ्यात. मुलानं आता मॉस पोल दाखवायला घेतला. काठीला काथ्या गुंडाळलेला, किंमत ३५०. वर चढणाऱ्या झाडांना आधार हवा असतो. आई म्हणाली, ‘आमच्याकडं आंब्यावर रुखाळू यायचं. पावसात. गड्याला वर चढवून पानं काढायचो.’ रुखाळू म्हणजे झाडाच्या खोडावर वाढणारं अळू, सह्याद्रीत आपोआप येतं. मुलगा एकदम खुलला. ‘म्हणजे एपिफाइट! आजी, तुमच्याकडं वाइल्ड एपिफिटिक ॲरॉइड होतं?’ आईला वाटलं, तो दुखण्याबद्दल विचारतोय. ‘नाही रे, सगळे बरे होते,’ ती म्हणाली.

मग मातीची पिशवी आली, पण ती माती नव्हती. माती आता मागास समजतात. या झाडांना ‘मिक्स’ लागतं: कोकोपीट, लाकडी साल, कोळसा आणि परलाइट. परलाइट म्हणजे ज्वालामुखीतल्या काचेच्या भट्टीत फोडलेल्या लाह्या, हे मी मोठ्या अभिमानानं आईला समजावून सांगितलं. तिनं पिशवीत हात घातला, मूठभर काढून हुंगलं.

‘सोडणाचा भुसा, झाडाची साल आणि कोळसा. आमच्या न्हाणीघरातल्या चुलीचं सगळं सामान. किती?’

‘पाच किलो, चारशे.’

‘आणि पेटवायचं नाही?’

आता त्या दीड पानाकडं येतो. हा मॉन्स्टेराच, पण व्हेरिगेटेड. पानावर पांढरे पट्टे, अर्धं पान हिरवं, अर्धं चुन्यात बुडवल्यासारखं. पांढरा भाग म्हणजे ज्यात हरितद्रव्य नाही, म्हणजे जो अन्न तयार करत नाही, म्हणजे जो हिरव्याच्या जिवावर जगतो. असं झाड हळू वाढतं, लवकर करपतं, जरा ऊन लागलं की पांढरा भाग तपकिरी. या कामचुकार भागालाच किंमत. हिरवं जितकं कमी तितका भाव जास्त. कधी कधी झाडालाच शहाणपण सुचतं आणि ते सगळं हिरवं पान काढतं. त्याला ‘रिव्हर्ट होणं’ म्हणतात आणि तशी फांदी ताबडतोब छाटून टाकायचा नियम आहे. निरोगी फांदी दिसली रे दिसली की कात्री. सरकारी खात्यांतल्या बदल्यांचं तत्त्व बागकामात कुणी आणलं, हे शोधायला हवं.

न्यूझीलंडमध्ये २०२१च्या जूनमध्ये अशा पांढऱ्या ठिपक्यांच्या एका वेलीचा ऑनलाइन लिलाव झाला. एकूण नऊ पानं, किंमत २७,१०० न्यूझीलंड डॉलर. मी ते आईला रुपयांत सांगितलं नाही, तिला प्रवासात त्रास होतो. दुसरा एक प्रकार आला होता गुलाबी पानांचा, पिंक काँगो नावाचा. लोकांनी रांगा लावून घेतला. काही महिन्यांत गुलाबी पानं संपली आणि निमूट हिरवी यायला लागली. तो रंग रसायनांचा होता. चेहऱ्याला पावडर लावून मुलगी दाखवायचे, त्यातलाच प्रकार. फक्त इथं मध्यस्थाला धरायला कुणी गेलं नाही, कारण ज्यानं घेतला त्यानंच इन्स्टाग्रामवर तीनशे लाइक मिळवले होते, आता कोणत्या तोंडानं सांगणार?

नव्वदच्या दशकात आपल्याकडं सागवानाच्या योजना आल्या होत्या. एवढे हजार भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या. मग इमू आला, अंडं हजाराला. आमच्या ओळखीत दोघांकडं इमू होते, एकाकडं अजून पिंजरा आहे. तेव्हा मी त्यांना हसलो होतो. आता मी पेराच्या भावानं वेल विकत घेतो आणि ‘कटिंग करून विकलं तर सहा महिन्यांत पैसे वसूल’ असं बायकोला सांगतो. तोच सूर, फक्त मुदत सहा महिन्यांची. मध्यंतरी मॉन्स्टेराच्या एका ठिपकेदार जातीची प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनानं हजारोंनी रोपं निघाली आणि पूर्वी सोन्यासारखा भाव असलेलं झाड परदेशात चक्क सुपरमार्केटच्या दारात येऊन बसलं. ज्यांनी आधी घेतलं होतं ते अजून कुंडीवर किमतीची चिठ्ठी ठेवून आहेत. मराठीत या भावाला फार जुना शब्द आहे, अळवावरचं पाणी. तो शब्द घडवणाऱ्यानं हे सगळं घराणं बघितलेलं असणार.

एवढं सगळं कळत होतं. तरी घेतलं. का, ते विचारू नका. मुलगा म्हणाला, ‘सर, एवढंच उरलंय,’ आणि शेजारी एक टी-शर्टवाला गृहस्थ त्याच पानाकडं बघत होता. मंडईत शेवटच्या फणसावर दोन गिऱ्हाइकं आली की काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बायको म्हणाली, ‘अहो, एकच घ्यायचं ठरलं होतं ना?’ मी म्हणालो, ‘हे एकसुद्धा नाही, दीड पान आहे.’ ती पुढचं बोलली नाही. स्नेक प्लांट दोन होते.

आईनं काही घेतलं नाही. निघताना तिनं ब्लॅक मॅजिककडं एकदा वळून बघितलं आणि मुलाला म्हणाली, ‘काढलीस कधी पानं तर फडक्यात ओली गुंडाळून ठेव. आणि चिंच विसरू नको, बाळा.’ तो ‘हो आजी’ म्हणाला. माझ्याशी तो इतक्या आदरानं बोलला नव्हता.

परतीच्या वाटेवर लोणीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक बाई भाजी घेऊन बसली होती. आईनं गाडी थांबवायला लावली. दहा पानांची जुडी, वडीचं अळू, काळे देठ. ३० रुपये.

‘एक पान फाटलंय गं,’ आई म्हणाली.

‘न्या पंचवीसला, आज्जी.’

सकाळपासून फाटक्या पानावर सूट मिळालेले आम्ही घरात दोघं झालो. पण तिला दहा पानं मिळाली होती.

संध्याकाळी मी दीड पान काचेच्या ग्लासात फिल्टरचं पाणी घालून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पेराला मुळं फुटायला तीन आठवडे लागतील, पाणी दर चार दिवसांनी बदलायचं, ऊन आडून द्यायचं. तिकडं आईनं पानं पालथी घालून लाटण्यानं शिरा दाबल्या, बेसनात चिंच-गूळ, तिखट, तीळ कालवून थरावर थर लावले आणि वळकट्या उकडायला ठेवल्या. घरभर वास सुटला. मी ग्लास हातानं फिरवून उजेडाची बाजू बघत होतो.

तळलेल्या वड्या ताटात आल्या तेव्हा आईनं काही न बोलता ग्लास उचलला, फ्रिजवर नेऊन ठेवला आणि पान भिंतीकडं फिरवलं.

‘त्याच्यादेखत नको,’ ती म्हणाली. मग मी पहिली वडी तोंडात घातली तशी विचारलं, ‘खाजत नाही ना?’

‘घशाला नाही,’ मी म्हणालो.